वनस्पती पेशीचं मॉडेल करताना: रिक्तिका आधी, केंद्रक नंतर

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात वनस्पती पेशीची मॉडेल्स पाहिली की बहुतेकांत एकच चित्र दिसतं. थर्माकोलची पाटी, मधोमध लाल चेंडूसारखं केंद्रक, कोपऱ्यात बोटभर निळी रिक्तिका आणि उरलेल्या जागेत सारख्या मापाची रंगीत अंगके, म्हणजे पेशीच्या आतले छोटे भाग. नावांच्या चिठ्ठ्या सुबक असतात, रंगकामही नीटनेटकं असतं. पण त्या मुलाला विचारा, "कांद्याच्या पेशीत हे हिरवं असतं का?" तो गोंधळतो, कारण त्याने चित्रावरून चित्रच केलेलं असतं, पेशी पाहिलेली नसते.

यात मुलांची चूक कमी आणि आपल्या दोन शब्दांची जास्त. 'केंद्रक' ऐकलं की मूल ते केंद्रात ठेवतं. 'रिक्तिका' म्हणजे रिक्त, म्हणून ती बिनमहत्त्वाची समजून कोपऱ्यात ढकलतं. प्रत्यक्षात वाढ पूर्ण झालेल्या वनस्पती पेशीत सर्वाधिक जागा रिक्तिकेचीच असते, कित्येकदा ऐंशी-नव्वद टक्के. ती पेशीरसाने गच्च भरलेली असते. तिच्या दाबाने बाकी सगळं, केंद्रकसुद्धा, कडेला सरकतं. म्हणून मॉडेल करतानाही रिक्तिका आधी बसवा. एवढा एक क्रम बदलला तरी निम्म्या चुका आपोआप टळतात.

पुढची रीत सातवी-आठवीच्या मुलांसाठी आहे. तिला तीन दिवस लागतात: पहिला दिवस पाहण्याचा, दुसरा मापं आणि सामान जमवण्याचा, तिसरा मांडणीचा. पहिला दिवस गाळून थेट खोकं हातात घेऊ नका.

## टप्पा १: कापसाच्या एका तंतूपासून सुरुवात

पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वस्तू, असं मुलांनी पाठ केलेलं असतं. खानदेशात तर पेशी शेतात उघड्यावर लोंबत असते. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी आहे. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांब वाढत जाते आणि तिचा तंतू होतो.

वेचणीच्या दिवसांत एक सरकी कापसासकट घ्या. इतर वेळी वातीचा कापूस चालेल, पण त्यात तुटलेले तंतू जास्त असतात. सरकीवरचे तंतू बोटांनी हळूच विंचरून सरळ करा, चिमट्याने एकच तंतू ओढा आणि पाटीवर किंवा काळ्या कागदावर ठेवा. पट्टी लावून मोजा. साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर भरेल. जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास.

आता मुलांना सांगा की या पेशीतला जिवंत भाग वाळून गेला आहे आणि हातात आहे ती जवळपास निव्वळ पेशीभित्तिका. ती सेल्युलोजची असते. अंगातला सुती सदराही त्याच भिंतींचा विणलेला आहे. 'पेशीभित्तिका टणक असते' हे वाक्य ज्यांना नुसतं पाठ असतं, ती मुलं इथे सदऱ्याचं कापड चिमटीत धरून पाहतात. हा क्षण घाईत उरकू नका.

सावध: केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, मुलं हमखास केळीच्या खांबाचा काप आणतात आणि त्यातली जाळी दाखवून म्हणतात, "या बघा पेशी." त्या पेशी नाहीत. त्या हवेच्या पोकळ्या आहेत आणि एकेका पोकळीची भिंत असंख्य पेशींची बनलेली असते. काप जरूर पाहा, पण हा फरक तिथल्या तिथे सांगा.

## टप्पा २: कांद्याचे दोन पापुद्रे, दोन वेगळ्या कामांसाठी

सगळीकडे कांद्याचा एकच पापुद्रा दाखवतात. दोन दाखवा. लाल कांदा लागेल.

आतला पापुद्रा, केंद्रकासाठी. कांदा उभा चिरा, एक मांसल पाकळी घ्या आणि तिच्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोडवा. तो लगेच पाण्यात टाका. कोरडा राहिला की गुंडाळतो, आणि गुंडाळलेल्या पापुद्र्यात पेशींचे थर एकमेकांवर चढून काहीच धड दिसत नाही. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पसरा आणि त्यावर पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब सोडा. औषधाच्या दुकानातलं आयोडीन चालतं, बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. आच्छादक काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणा. जादा पाणी टिपकागदाने टिपा.

आधी सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहा. विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी दिसतील आणि त्यांत पिवळसर-तपकिरी ठिपके, म्हणजे केंद्रकं. मुलांना दहा पेशी मोजायला सांगा: किती पेशींत केंद्रक बरोबर मध्ये दिसतं, आणि किती पेशींत भिंतीला चिकटलेलं? जिथे ते मध्ये दिसतं, तिथेही बऱ्याचदा आपण ते वरून पाहत असतो आणि ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं असतं. आकडे वहीत लिहून ठेवा, तिसऱ्या दिवशी लागतील.

बाहेरचा पापुद्रा, रिक्तिकेसाठी. त्याच पाकळीच्या फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा काढा. याला आयोडीन लावू नका, साधं पाणी पुरे. जांभळा रंग दिसतो तो रिक्तिकेतल्या रसाचा. रंगाने पेशी जवळजवळ काठोकाठ भरलेली दिसते. 'रिक्तिका रिकामी असते' हा समज इथेच मोडतो.

मग अर्धा कप पाण्यात एक लहान चमचा मीठ विरघळवा. त्याचा एक थेंब आच्छादक काचेच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग आकसून भिंतीपासून सुटू लागतो. भिंत तिथेच राहते, आतली पिशवी आत जाते. भित्तिका वेगळी आणि प्रद्रव्यपटल, म्हणजे तिच्या आतला पातळ पडदा, वेगळं, हे शब्दांत समजावून सांगायला दोन तास लागतात. इथे ते मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेही याच कारणाने. ही जोड मुलं बहुधा स्वतःच लावतात. लावू द्या.

सावध: काळ्या जाड कडांची गोल वर्तुळं म्हणजे हवेचे बुडबुडे. पहिल्यांदा पाहणारी मुलं वहीत तेच 'पेशी' म्हणून काढतात. "हाई काय शे, सर?" असं विचारत कुणी गोल वर्तुळ दाखवलं, तर लगेच उत्तर देऊ नका. काच सुईने किंचित दाबायला सांगा. बुडबुडा सरकतो, पेशी जागची हलत नाही.

सावध: सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर थेट ऊन कधीही घेऊ नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीचा उजेड पुरतो. ब्लेड आणि सुरी मोठ्यांच्याच हातात, आणि आयोडीन हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

हिरवं काही पाहायचं असेल तर तलावातली किंवा माशांच्या टाकीतली हायड्रिला आणा. तिचं पान इतकं पातळ असतं की अख्खं पान भिंगाखाली ठेवता येतं. हरितलवकं, म्हणजे अन्न तयार करणारी हिरवी अंगके, भिंतीलगत रांगेत दिसतात आणि कधीकधी कडेकडेने सरकतानाही दिसतात.

## टप्पा ३: कोणती पेशी करायची ते ठरवा

हा टप्पा पाच मिनिटांचा, पण तो गाळल्यामुळे सगळ्यात मोठी चूक होते. 'वनस्पती पेशी' नावाची एकच एक पेशी नसते. कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पाकळीच्या पेशीत हरितलवकं नसतात. पानाच्या पेशीत असतात. म्हणून गटाने आधी वहीत एक वाक्य लिहायचं: "आम्ही अमुक भागाची पेशी करतो आहोत." या लेखात पुढे पानाची पेशी धरली आहे.

याच वेळी नावंही ठरवून घ्या. मुलं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ पाहतात, तिथे 'कोशिका' आणि 'माइटोकॉन्ड्रिया' असतं. पुस्तकात पेशी आणि तंतुकणिका (अन्नातून ऊर्जा मोकळी करणारं अंगक). दोन्ही नावं माहीत असायला हरकत नाही, पण चिठ्ठ्यांवर पुस्तकातलीच येऊ द्या, नाहीतर एकाच मॉडेलवर दोन भाषांची सरमिसळ होते.

## टप्पा ४: खोक्याच्या मापावरून बाकीची मापं काढा

बुटाचं खोकं घ्या, साधारण ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, १० उंच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण १ मायक्रॉनला ५ मिलिमीटर धरू, म्हणजे मॉडेल खऱ्या पेशीच्या पाच हजार पट. या हिशेबाने खोकं ६० मायक्रॉन लांबीची पेशी झालं, आणि पानाच्या पेशीला हे माप शोभतं. आता मुलांकडूनच गुणाकार करून घ्या:

- केंद्रक सुमारे ८ मायक्रॉन, म्हणजे ४ सेंटिमीटर. मध्यम लिंबाएवढं.
- हरितलवक लांबीला सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे अडीच सेंटिमीटर. चपटं, लांबट.
- तंतुकणिका १ ते २ मायक्रॉन लांब, म्हणजे अर्धा ते एक सेंटिमीटर. चवळीच्या दाण्याएवढी.
- प्रद्रव्यपटल मायक्रॉनच्या शंभराव्या भागाहूनही पातळ, म्हणजे मॉडेलमध्ये मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत. किराणा दुकानातली पातळ पारदर्शक पिशवी जवळपास नेमकी एवढीच असते.
- खोक्याचा पुठ्ठा भित्तिकेच्या मापाला बरोबर बसतो.

रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे सूक्ष्म कण, या मापात पिठाच्या कणापेक्षा मोठे येत नाहीत. म्हणून मोहरी-साबुदाणा चिकटवू नका, चिमूटभर पीठ भुरभुरा.

आणि पहिल्या दिवशीचा कापसाचा तंतू? याच पटीने मोठा केला तर तो हाताच्या तळव्याएवढा रुंद आणि सव्वाशे ते दीडशे मीटर लांब होईल. शाळेच्या पटांगणात पावलं मोजून दाखवा. कित्येक शाळांत फाटकाबाहेर जावं लागतं.

तपासा: गटातल्या प्रत्येकाने निदान एक गुणाकार स्वतः केलेला असावा. हुशार एकटा करतो आणि बाकीचे उतरवून घेतात, असं होऊ देऊ नका.

## टप्पा ५: सामान, आणि कुठलं टाळायचं

लागणारं सामान: बुटाचं खोकं, दोन पारदर्शक पिशव्या (एक खोक्याहून मोठी, एक लहान), २० ग्रॅम चायना ग्रास (अगर-अगर, समुद्री शेवाळापासून मिळणारा थिजणारा पदार्थ), तेलकट रंगीत क्ले, एक लिंबू, मूठभर चवळी, कापडाची अरुंद पट्टी, दोरा, चिकटपट्टी, परात आणि पोळपाट.

टाळायचं सामान आम्ही फसूनच शिकलो.

जिलेटिनची तयार जेली वापरू नका. खानदेशात मार्चपासूनच दुपारची वर्गखोली तापते आणि ती जेली पाण्यासारखी वाहू लागते. एका वर्षी सकाळी घट्ट असलेलं मॉडेल दुपारच्या सुट्टीनंतर परातीत उतरलं होतं आणि केलेल्या मुली रडवेल्या झाल्या होत्या. चायना ग्रास एकदा थिजलं की उन्हाळ्यातही टिकतं.

मीठ घालून मळलेल्या कणकेची अंगके ओल्या थरात ठेवू नका, तासाभरात चिकट लगदा होतो. कणकेचं मॉडेल करायचं असेल तर ते पूर्ण कोरडंच करावं. काळ्या मातीची अंगकेही नकोत. ती वाळताना आकसते आणि शेतासारख्याच भेगा पडतात.

थर्माकोल तर मुळीच नको. तैलरंग आणि काही डिंक त्याला खातात, आणि मुख्य म्हणजे त्यावर पेशी सपाट होते. पेशीला खोली असते हेच मुलं विसरतात.

उन्हाळ्यात घरोघरी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजतो. तो पेशीद्रव्यासारखा (अंगकांभोवतीच्या दाटसर द्रवासारखा) छान अर्धपारदर्शक दिसतो आणि वापरायला हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी आंबतो, त्यामुळे त्याच दिवशी दाखवून संपवायचा.

## टप्पा ६: मांडणी

अ. भित्तिका आणि पटल. खोकं परातीत ठेवा. मोठी पिशवी आत पसरा, तिच्या कडा खोक्याबाहेर दुमडून चिकटपट्टीने धरा. पिशवी कोपऱ्यापर्यंत नीट बसली पाहिजे, ताणलेली राहिली तर ओल्या थराच्या वजनाने फाटते. आत पाणी ओतून गळती पाहा आणि पाणी काढून टाका.

आ. तळाचा थर. दीड लीटर पाण्यात चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. हे काम मोठ्यांनी करायचं. भांड्याला हात लावून सोसवेल इतकं कोमट झालं की एक सेंटिमीटरचा थर ओता. कडकडीत ओतलं तर पिशवीला भोक पडतं. फार थांबलात तर भांड्यातच थिजतं. थिजलंच तर पुन्हा तापवा, वाया जात नाही.

इ. रिक्तिका. तळ थिजला की लहान पिशवी फुगवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा आणि मधोमध ठेवा. ती खोक्याचा बहुतेक भाग व्यापेल इतकी हवी, चारी बाजूंना फक्त दोन-तीन बोटं जागा उरावी. मुलं इथे कुरकुरतात, "मग बाकीचं ठेवायचं कुठे?" हाच प्रश्न यायला हवा होता.

खऱ्या रिक्तिकेत रस असतो, आपण हवा का भरली ते मुलांना स्पष्ट सांगा. सहा लीटरच्या खोक्यात चार लीटर पाणी म्हणजे चार किलो वजन, पुठ्ठा तग धरणार नाही.

ई. कडेचं पेशीद्रव्य. उरलेलं मिश्रण कोमट करून कडेकडेने ओता. फुगलेली पिशवी तरंगून वर येते, म्हणून तिच्यावर पोळपाट ठेवा. पाव तासात थर अर्धवट आळतो, बोट लावलं तर खड्डा राहतो. अंगके ठेवायची वेळ हीच.

उ. केंद्रक. लिंबू मुलांच्या हातात द्या आणि जागा सांगू नका. पिशवी गोलसर आणि खोकं चौकोनी, त्यामुळे मोकळी जागा कोपऱ्यातच सापडते. लिंबू तिथे खोचलं की पहिल्या दिवसाची वही उघडा आणि दहा पेशींचे आकडे पुन्हा वाचा.

ऊ. बाकीची अंगके. कापडाची पट्टी केंद्रकालगत घड्या घालून ठेवा, ती आंतर्द्रव्यजालिका. क्लेच्या चार-पाच चपट्या चकत्यांची चळत म्हणजे गॉल्गी संकुल. हिरव्या क्लेची वीसेक हरितलवकं भिंतीलगत बसवा. चवळीचे दाणे सगळीकडे विखरा. तंतुकणिका विसरू नका. हरितलवक असलं की तंतुकणिका लागत नाही, असा गैरसमज मुलांत फार पसरलेला आहे. अन्न तयार करणं हे एक काम आणि त्यातून ऊर्जा मोकळी करणं हे दुसरं, म्हणून पानाच्या पेशीत दोन्ही असतात.

सेंट्रिओल ठेवू नका. प्राणी पेशीच्या चित्रावरून ते हमखास इकडे येतं, आपल्या शेतातल्या-बागेतल्या झाडांच्या पेशीत ते नसतं.

तपासा: पोळपाट काढा आणि वरून पाहा. मध्ये मोठी रिक्तिका, कडेने पातळ पट्ट्यात सगळा संसार. मध्यभागी काही रंगीत दिसलं तर ते चुकीच्या जागी आहे. चिठ्ठ्या सगळ्यात शेवटी, काड्यांना लावून. काडी रिक्तिकेत खुपसू नका, हवा जाईल.

## टप्पा ७: दाब दाखवायला वेगळा प्रयोग

खोक्यातल्या हवेच्या पिशवीतून पाण्याचा दाब कळत नाही. त्यासाठी चहाच्या पुड्याचं रिकामं मऊ खोकं घ्या आणि त्यात दुधाची धुतलेली पिशवी पाण्याने गच्च भरून, बांधून बसवा. खोकं दाबून पाहा, ताठ लागतं. आता थोडं पाणी काढून पिशवी परत बसवा, खोकं लगेच चेपतं. शेजारी मेथीची सुकलेली जुडी पाण्याच्या भांड्यात देठ बुडवून ठेवा आणि तासाभराने पाहा. बाजारात भाजीवाल्या मावशी दुपारभर जुड्यांवर पाणी का मारतात, याचं उत्तर मुलं आता पेशीच्या भाषेत देतात.

## टप्पा ८: समजलं का, ते कसं पाहायचं

नावं विचारू नका, नावं चिठ्ठीवर आहेत. मुलाला मॉडेलसमोर उभं करून म्हणा, "ही आता कांद्याची पेशी कर." ज्याला समजलं तो हिरवी हरितलवकं काढतो आणि बाकी काही हलवत नाही. काही मुलं केंद्रकही काढतात, त्यांना पुन्हा आयोडीनचा पापुद्रा दाखवा. मग म्हणा, "हिला दोन दिवस पाणी मिळालं नाही." लहान पिशवीतली थोडी हवा सोडून पुठ्ठ्याला हात न लावणारं मूल भित्तिका आणि रिक्तिका दोन्ही समजलेलं असतं.

दाखवणं झालं की मॉडेल दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, चायना ग्रासवर बुरशी येते. ओला थर आणि चवळी परसबागेतल्या खड्ड्यात टाका. क्ले धुऊन डब्यात भरा, पुढच्या गटाला उपयोगी पडते. पिशव्या धुऊन वाळवा आणि खोकं उन्हात ठेवा.